चढाईपटूची किंमत किती?

निफाड तालुक्यात लिलाव म्हटला की लासलगावचा कांदा आठवतो. प्रो कबड्डीतही खेळाडूवर बोली लागते. संघाच्या एकूण खर्चाला मर्यादा असते, एका खेळाडूच्या किमतीला मात्र नाही. अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉलमध्ये कमाल करार ठरलेला आहे. अनुभवानुसार संघाच्या वेतनमर्यादेच्या 25, 30 किंवा 35 टक्के.

आपल्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई घ्या. 2018 मध्ये यू मुंबाकडून पहिल्याच हंगामात त्याने चढाईत 218 गुण लुटले. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1.45 कोटी मोजले. संघाची मर्यादा तेव्हा 4.40 कोटी होती, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा एकट्याला. त्या हंगामातही त्याने दोनशेवर गुण मिळवले. मग खांदा दुखावला आणि 2021-22 च्या हंगामात तो मोजकेच सामने खेळू शकला.

याच टायटन्सने 2023 मध्ये पवन सेहरावतवर 5 कोटींपैकी 2.605 कोटी लावले. पवन झुंजला, पण 22 सामन्यांत संघ दोनच जिंकला आणि तळाला राहिला. त्या हंगामाचा विजेता ठरला पुणेरी पलटन, कर्णधार नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार.

एका खेळाडूवरच्या खर्चाला कबड्डीनेही टक्केवारीची मर्यादा घालावी. बाकीच्या पोरांचा वाटा तरी शाबूत राहील.