टपाल थांबले तरी चालेल, परत जाता कामा नये

संयुक्त अरब अमिरातीने १ जानेवारी २०२२ पासून साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवारवर आणली आणि सरकारी कचेऱ्यांचा शुक्रवार अर्ध्या दिवसाचा केला. त्यामुळे ई-मेल सर्व्हर बदलण्यासारखी नाजूक कामे अशा कार्यालयांत शुक्रवारच्या दुपारसाठी राखून ठेवता येतात. मात्र मुंबई-पुण्यातील कित्येक पुरवठादार शनिवारीही काम करीत असतात. त्यांचे दरपत्रक किंवा ग्राहकाचा एलपीओ या बदलात गहाळ झाला, तर सोमवारी त्याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागते.

युनिक्स कुळातील प्रणालींवर टपालाची ने-आण करणारा पहिला सर्वमान्य प्रोग्रॅम म्हणजे सेंडमेल. एरिक ऑलमन यांनी तो बर्कली येथे १९८० च्या दशकाच्या आरंभी घडविला. नोव्हेंबर १९८८ मध्ये पसरलेल्या मॉरिस वर्मने त्यातील एका उणिवेचा फायदा घेतला आणि सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आला. पुढे केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी १९९५ मध्ये एक्झिम लिहिला. वित्से वेनेमा यांचा पोस्टफिक्स १९९८ मध्ये आयबीएममधून बाहेर आला. त्यात कामे छोट्या, परस्परांपासून अलग प्रक्रियांत वाटलेली आहेत. म्हणून एकीतील दोष सहसा साऱ्या यंत्राला भोवत नाही. रेड हॅटने २०१० च्या सहाव्या आवृत्तीपासून सेंडमेलऐवजी पोस्टफिक्स हाच मूळ पर्याय ठेवला.

प्रोग्रॅम बदलणे त्या मानाने सोपे असते. पोस्टफिक्स आणि एक्झिम दोघेही ‘सेंडमेल’ याच नावाची आज्ञा पुरवितात. त्यामुळे हिशेबाच्या किंवा पगाराच्या प्रणालीला आतला बदल कळतही नाही. रेड हॅटवर ‘ऑल्टरनेटिव्हज’ ही आज्ञा कोणता प्रोग्रॅम पुढे करायचा ते ठरविते. डेबियनवर पोस्टफिक्स बसविताना एक्झिम आपोआप काढला जातो.

खरी जोखीम येथेच आहे. प्रत्येक प्रोग्रॅमची रांग साठविण्याची पद्धत निराळी असल्याने जुन्या रांगेत अडकलेली पत्रे नव्याला वाचता येत नाहीत. म्हणून आधी ‘मेलक्यू’ या आज्ञेने रांग पाहावी, ती पूर्ण रिकामी करावी आणि मगच जुना प्रोग्रॅम हलवावा. टोपणपत्त्यांची ‘अलायसेस’ फाइल तपासून ‘न्यूअलायसेस’ चालवावे. अन्यथा ‘सेल्स’ किंवा ‘अकाउंट्स’ या पत्त्यांवरचे टपाल अनाथ होते.

सर्व्हर काही तास बंद राहिला तर काय, ही भीती मात्र बव्हंशी अनाठायी आहे. पाठविणाऱ्याच्या सर्व्हरने चार-पाच दिवस तरी पुनःपुन्हा प्रयत्न करावा, असे ई-मेलचे मानकच सांगते. घातक ठरतो तो चुकीचा नकार. चारने सुरू होणारा संकेतांक म्हणजे ‘नंतर या’ आणि पाचने सुरू होणारा म्हणजे ‘पुन्हा येऊ नका’. मांडणीत एखादे नाव लिहायचे राहून गेले, तर नवा सर्व्हर पाचचा संकेतांक देतो आणि ग्राहकाचे पत्र त्याच क्षणी त्याच्याकडे परत जाते. यावर पोस्टफिक्समध्ये ‘सॉफ्ट बाउन्स’ हा पर्याय आहे. तो चालू असेपर्यंत असे नकार तात्पुरते ठरतात आणि चूक सुधारायला अवधी मिळतो. चाचणी संपताच तो बंद करावा. नाही तर पत्ता चुकविणाऱ्यालाही आपली चूक कित्येक दिवस कळत नाही.

नवा सर्व्हर नव्या आयपी पत्त्यावर नेणार असाल, तर डीएनएसमधील एमएक्स नोंदीची मुदत काही दिवस आधीच कमी करावी आणि एसपीएफमध्ये नवा पत्ता जोडावा. उलट शोधाची पीटीआर नोंद मात्र आपल्या हाती नसते. ती आयपी पत्ता देणाऱ्या कंपनीकडून करून घ्यावी लागते, तेव्हा अर्ज आठवडाभर आधीच करावा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल या नोंदींबाबत अधिक काटेकोर झाले आहे.

जुने यंत्र लगेच बंद करू नये. जुनी नोंद लक्षात ठेवलेले सर्व्हर आणखी काही दिवस त्याच्याच दारात येतात. त्यांचे टपाल नव्याकडे पाठविण्याची सोय जुन्यावर करून ठेवावी. त्याच्या लॉगमध्ये सलग काही दिवस बाहेरचे एकही पत्र दिसले नाही, की मगच त्याला निरोप द्यावा.