रिकर्शन: उतरताना काय छापायचं, परतताना काय

गैरसमज: फंक्शन स्वतःलाच बोलावतं, म्हणजे ते कधी थांबायचंच नाही.

थांबतं, कारण दर वेळी काम लहान होत जातं. ५ पर्यंतचे आकडे छापायचे तर आधी ४ पर्यंतचे छापायला सांगायचं, त्यासाठी ३ पर्यंतचे, आणि १ आला की पुढे कुणाला बोलवायचं नाही. ही १ ची अट विसरली तर घोळ होतो. मग पायथन साधारण १००० खोलीवर स्वतःच थांबवतं, सीमध्ये स्टॅक (बोलावण्यांची नोंद ठेवणारी जागा) भरून प्रोग्रॅम कोसळतो.

गैरसमज: १ ते ५ सरळ छापायचे असतील तर १ पासूनच सुरुवात करावी लागते.

मला वाटतं, याच ठिकाणी सगळ्यात जास्त वेळ द्यावा. फंक्शनला मिळालेला आकडा ‘न’ धरून ‘न हा आकडा छाप, मग न−१ साठी स्वतःला बोलाव’ असं लिहिलं तर ५, ४, ३, २, १ मिळतात. याच दोन ओळींची अदलाबदल केली की १, २, ३, ४, ५. आधी सगळी बोलावणी पायरी-पायरीने खाली उतरतात, छपाई परतताना होते. प्रत्येक बोलावण्याचा ‘न’ वेगळा, स्टॅकवर आपापल्या जागी जपलेला असतो. आकड्यांमधल्या स्वल्पविरामाचा प्रश्नही इथेच सुटतो: १ नुसता छापायचा, बाकी प्रत्येक आकड्याआधी ‘, ’ द्यायचा. शेवटी लोंबणारा स्वल्पविराम राहतच नाही.

गैरसमज: ही उतरण-परतण संगणकासोबत आली.

चाळीसगावजवळच्या पाटणला या. तिथला १३व्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख सांगतो की गणितज्ञ भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला. त्या ग्रंथांपैकी ‘लीलावती’त (११५०) कुट्टक नावाची रीत आहे. त्यातलं एक उदाहरण असं: २२१ ला कितीने गुणून ६५ मिळवले तर १९५ ने पूर्ण भाग जाईल? तिन्ही आकड्यांना १३ ने भागलं की १७, ५ आणि १५ उरतात. १७ ला १५ ने भागलं, भागाकार १, बाकी २. १५ ला २ ने भागलं, भागाकार ७, बाकी १. इथे थांबायचं. भागाकार एकाखाली एक लिहायचे, त्यांच्याखाली ५ आणि ०. या मांडणीला वल्ली म्हणतात: १, ७, ५, ०. आता खालून वर: ७×५+०=३५, मग १×३५+५=४०. ३५ ला १५ ने भागून बाकी ५, हा गुणक; ४० ला १७ ने भागून बाकी ६, हा भागाकार. ताळा: २२१×५+६५=११७०, म्हणजे १९५×६.

भास्कराचार्यांनी हे फंक्शन म्हणून लिहिलेलं नाही, पण वल्ली आणि स्टॅक समोरासमोर ठेवून पाहा. उतरताना एक यादी साठत जाते, उत्तर परतताना बनतं.

सरावाला एक: एकाच फंक्शनमधून, लूप न वापरता, ३, २, १, २, ३ छापा. बोलावण्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा छापा, १ मात्र एकदाच.