साडेनऊ वर्षांचा प्रवास, एका दिवसाची भेट

सूर्यमालेच्या जुन्या नकाशांत नेपच्यूनच्या कक्षेपलीकडे एकच ठिपका काढलेला असे. तो ठिपका म्हणजे प्लूटो. अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ या चोवीस वर्षांच्या तरुणाने १९३० साली त्याचा शोध लावला. पुढे ऐंशीहून अधिक वर्षे मोठमोठ्या दुर्बिणींनाही तेथे अस्पष्ट डागांपलीकडे काही दिसले नाही. त्याचे खरे मुखदर्शन घडविले ते 'न्यू होरायझन्स' म्हणजे 'नवी क्षितिजे' या यानाने. परंतु हे यान प्लूटोपाशी थांबले नाही. त्याला थांबता येणेच शक्य नव्हते. असे का, हे समजून घेण्यासारखे आहे.

१९ जानेवारी २००६ रोजी केप कॅनाव्हेरल येथून ४७८ किलो वजनाचे हे यान सेकंदाला सुमारे १६ किलोमीटर वेगाने निघाले. नऊ तासांत त्याने चंद्राची कक्षा ओलांडली. फेब्रुवारी २००७ मध्ये ते गुरूजवळून गेले. सूर्याभोवती फिरणाऱ्या त्या महाकाय ग्रहाने आपल्या गतीचा किंचित अंश यानास दिला आणि प्रवासाची सुमारे तीन वर्षे वाचली. आता असे धावणारे यान थांबवायचे, तर तितक्याच जोराने उलट दिशेने इंजिन चालवावे लागते. त्यासाठी लागणारे प्रचंड इंधन बरोबर नेले असते, तर यान एवढ्या वेगाने निघालेच नसते. प्लूटोचे आकर्षणही दुर्बळ. ते त्याला धरून ठेवणार नव्हते. ज्या वेगाने यान तेथे पोचविले, त्याच वेगाने तेथे मुक्काम करणे अशक्य करून ठेवले.

दुसरी अडचण अंधाराची. प्लूटोजवळ सूर्यप्रकाश आपल्या येथील प्रकाशाच्या सुमारे हजाराव्या हिश्शाइतका क्षीण असतो. म्हणून प्लुटोनियम या धातूच्या उष्णतेपासून यानावर वीज निर्माण केली जाते. तेथे पोचेपर्यंत ती सुमारे २०० वॉट उरली होती. घरातील शंभर वॉटचे दोन दिवे लावण्यापुरती! शिवाय अंतर पावणेपाच अब्ज किलोमीटर. संदेश पोचण्यास साडेचार तास आणि उत्तर येण्यास पुन्हा तितकेच. अशा स्थितीत पृथ्वीवरून क्षणोक्षणी यान हाकणे अशक्यच. कोणत्या क्षणी कोठे वळावे, काय टिपावे, हे सारे त्याला आधीच शिकवून ठेवावे लागले.

आणि भेटीला दहा दिवस उरले असता, ४ जुलै २०१५ रोजी, यानाचा संदेश अकस्मात थांबला. तासाहून अधिक काळ काहीच कळेना. चित्रे साठविणे आणि नव्या आज्ञा उतरवून घेणे, ही दोन जड कामे एकाच वेळी आल्याने मुख्य संगणकावर ताण पडला होता. राखीव संगणकाने सूत्रे हाती घेऊन पृथ्वीशी पुन्हा संपर्क साधला. अभियंत्यांनी रात्रंदिवस खपून तीन दिवसांत सर्व आज्ञा पुन्हा बसविल्या. ही संधी हुकती, तर यान काही न पाहताच पुढे निघून गेले असते.

१४ जुलै रोजी यान प्लूटोपासून १२,५०० किलोमीटरवरून गेले. त्या वेळी ते पृथ्वीशी बोलत नव्हते. त्याची तबकडी यानाला पक्की जोडलेली असल्याने पृथ्वीकडे वळावे, तर प्लूटोकडे पाठ फिरवावी लागली असती. सुमारे तेरा तासांनी 'सर्व कुशल' असा संदेश आला. टिपलेली सारी माहिती उतरवून घेण्यास ऑक्टोबर २०१६ उजाडले.

काय दिसले? मृत, खड्ड्यांनी भरलेला गोळा नव्हे, तर नायट्रोजनच्या बर्फाचे विस्तीर्ण मैदान, आणि त्याच्या कडेला पाण्याच्या खडकासारख्या कठीण बर्फाचे सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीचे पर्वत. त्या मैदानावर उल्कापाताचा एकही खड्डा आढळला नाही. याचा अर्थ तो पृष्ठभाग ताजा आहे. आतील मंद उष्णतेने हा बर्फ, चुलीवरील खिरीप्रमाणे, पण अतिशय सावकाश, खालवर होत असतो.

पुढे १ जानेवारी २०१९ रोजी यान ॲरोकॉथ या सुमारे ३६ किलोमीटर लांबीच्या हिमपिंडाजवळून गेले. यान निघाले तेव्हा या पिंडाचे अस्तित्वही कोणास ठाऊक नव्हते. तो २०१४ साली हबल दुर्बिणीने शोधला. दोन गोळे हलकेच एकमेकांना चिकटून तो बनलेला दिसतो. ग्रहांची घडण आरंभी प्रचंड आदळआपटीने नव्हे, तर अशा सौम्य मिलनाने झाली असावी, असे त्यावरून शास्त्रज्ञांस वाटते.

प्लूटो हे नाव १९३० साली व्हेनेशिया बर्नी या इंग्लंडमधील अकरा वर्षांच्या मुलीने सुचविले होते. यानावरील धूलिकण मोजणारे एक उपकरण कोलोरॅडो विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी तयार केले. त्याला तिचेच नाव दिले आहे. प्लूटो मागे पडल्यावरही ते उपकरण पुढच्या अंधारातले कण मोजीत गेले. एका दिवसाच्या भेटीसाठी साडेनऊ वर्षे जागणाऱ्या या मोहिमेत विद्यार्थ्यांच्या हातांनाही काम होते, हे विद्यार्थी मित्रांनी विसरू नये.