जुनी स्नोमोबिल घ्यावी का? बेल्ट, बर्फ आणि घरी परत पोचण्याचं गणित

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलेलं थोडं काढलंय, बाकी जसंच्या तसं.)

आज थेट एका श्रोत्याच्या प्रश्नावर येतो. पोरगा मूळचा साताऱ्याचा, सध्या कॅनडात शिकतोय. त्याने लिहिलंय, "दादा, आम्ही तिघं मित्र मिळून सेकंड हँड स्नोमोबिल घ्यायचं म्हणतोय. एक जण म्हणतो अमुक कंपनीची डोळे झाकून घ्या, दुसरा म्हणतो त्याच कंपनीने मला जंगलात रडवलं. नक्की भरवशाची कुठली?"

मी कामानिमित्त अमेरिकेत मिनेसोटात तीन हिवाळे काढलेत. आमच्या टीममधले निम्मे लोक स्नोमोबिलवाले. सोमवारच्या मीटिंगची पहिली दहा मिनिटं कोणाचा बेल्ट तुटला आणि कोण कुठे रुतला यातच जायची. त्यांच्या गॅरेजमध्ये पाने देत उभा राहिलोय, मागे बसून फिरलोय, नंतर स्वतः चालवलीय. त्या जोरावर माझं उत्तर सांगतो: कंपनी हा तिसरा प्रश्न. पहिला प्रश्न, तुम्ही कसल्या बर्फावर चालवणार? दुसरा, पार्ट आणि मेकॅनिक किती लांब? आता का, ते बघू.

आधी हे समजून घ्या की पणाला काय आहे

आपल्याकडे गाडी बंद पडली तर काय करतो? ढकलत टपरीपर्यंत नेतो, चहा मारतो, कोणाला तरी फोन करून टोचन करून आणतो. आता हेच चित्र उत्तरेकडच्या जंगलात बघा. तापमान उणे २५. संध्याकाळी पाचच्या आत अंधार. रस्ता २० किलोमीटर लांब, मोबाईलला रेंज नाही आणि गाडीवरून उतरलात की पाय मांडीपर्यंत आत. दोनशे-तीनशे किलोचं धूड ढकलायचा प्रश्नच नाही. त्यामुळे तिथले मालक 'भरवशाची' म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ 'मला परत आणते' असा असतो.

ही गाडी जन्मालाच त्या गरजेतून आली. कॅनडातल्या क्विबेकमध्ये व्हालकूर नावाचं गाव आहे. तिथल्या जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए या मेकॅनिकचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात वारला. त्याला दवाखान्यात न्यायचं होतं, पण बर्फाने रस्ते बंद होते. बॉम्बार्डिए बर्फावरच्या गाड्यांचे प्रयोग आधीपासून करत होता. १९३७ मध्ये त्याला रबरी पट्टा दातेरी चाकाने फिरवण्याच्या रचनेचं पेटंट मिळालं. त्याच्या सुरुवातीच्या गाड्या मोठ्या, बंदिस्त, अनेक माणसं नेणाऱ्या होत्या. १९५९ मध्ये त्याने एक-दोन माणसांची हलकी 'स्की-डू' बाजारात आणली आणि आजच्या स्नोमोबिलचा साचा तयार झाला: पुढे दोन स्की, मागे एक रुंद रबरी पट्टा, मध्ये इंजिन.

बर्फ म्हणजे फक्त रस्ता नव्हे

मराठीत आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो. पण या गाडीच्या दृष्टीने भुसभुशीत बर्फ आणि कडक बर्फ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात.

मागचा पट्टा, ज्याला ट्रॅक म्हणतात, तो दोन लांब पट्ट्यांवरून घसरत फिरतो. त्या पट्ट्यांना खालून प्लास्टिकची पट्टी बसवलेली असते. मालक तिला 'हायफॅक्स' म्हणतात. ट्रॅकमधल्या धातूच्या क्लिपा सतत तिच्यावर घासतात. मग ती झिजत कशी नाही? कारण ट्रॅकबरोबर उडणारा भुसभुशीत बर्फ मध्ये येतो, वितळतो आणि तेच वंगण होतं. इथे ऑइल नाही, ग्रीस नाही. फक्त बर्फाचं पाणी.

इंजिनचंही तसंच. बहुतेक लिक्विड-कूल्ड मॉडेलमध्ये कूलंट सीटखालच्या बोगद्यासारख्या भागातून फिरतं आणि ट्रॅकने उडवलेला बर्फ त्या भागावर आदळून ते थंड होतं.

आता गाडी गोठलेल्या तळ्यावर किंवा घट्ट, चकचकीत ट्रेलवर घ्या. सगळीकडे बर्फच बर्फ, पण उडणारा बर्फ शून्य. पाच-दहा मिनिटांत तापमानाचा दिवा लागतो आणि हायफॅक्स तापून मऊ व्हायला लागते. उणे पंधरात इंजिन ओव्हरहीट! नवीन मालकाला वाटतं गाडीत दोष आहे. जुना मालक गाडी ट्रेलच्या कडेला भुसभुशीत बर्फात घेतो, थोडं अंतर चालवतो आणि काटा खाली येतो. यावर स्वस्त उपाय म्हणजे 'स्क्रॅचर', म्हणजे खाली लोंबणाऱ्या स्प्रिंगसारख्या तारा. त्या कडक बर्फ खरवडून चुरा वर उडवतात. जुनी गाडी घेताना त्या नसतील तर पहिल्या आठवड्यात बसवा. फक्त रिव्हर्स घेताना मोडणार नाहीत अशा बघून घ्या.

२०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदीतला सर्वांत उबदार होता. बऱ्याच ठिकाणी ट्रेल धड उघडलेच नाहीत. अशा पातळ बर्फाच्या वर्षी तीच गाडी, तोच मालक, पण हायफॅक्स आणि स्कीखालच्या पट्ट्या भराभर संपतात. म्हणून कोणी "माझी चार वर्षं बिनतक्रार चालली" म्हणाला, तर विचारा, कुठे चालली?

बेल्ट: तुमच्या अ‍ॅक्टिव्हाचा थोरला भाऊ

स्नोमोबिलला गिअर टाकायचे नसतात. आपल्या अ‍ॅक्टिव्हासारखाच इथे व्हेरिएटर आणि रबरी बेल्ट असतो. पुढे एक पुली, मागे एक. आरपीएम वाढले की पुढची पुली मिटत जाते, मागची उघडत जाते आणि आपोआप 'गिअर' बदलतो. फरक ताकदीचा आहे. स्कूटरचा बेल्ट सात-आठ हॉर्सपॉवर ओढतो, तर इथे दीडशेच्या आसपासची ताकद तेवढ्याच साध्या कल्पनेवर चालते, तीही आठ हजाराच्या आसपास आरपीएमला.

त्यामुळे बेल्ट तुटतो. सगळ्या कंपन्यांचा तुटतो. पण बेल्ट वारंवार तुटत असेल तर दोष सहसा बेल्टचा नसतो. दोन पुल्या एका रेषेत नाहीत, इंजिनचे रबर माउंट ढिले झालेत, क्लचमधले बुश झिजलेत किंवा चालवणारा खोल बर्फात रुतल्यावर अंगठा दाबूनच ठेवतो. घसरणारा बेल्ट तापतो आणि तापलेला बेल्ट मरतो.

तिथल्या लोकांची एक साधी युक्ती मला फार आवडली. जोरात फिरून आल्यावर इंजिन पूर्ण बंद करायचं, किल्ली काढायची, साइडचं कव्हर उघडायचं आणि पुलीला हात लावायचा. हात ठेवता आला तर ठीक. चटका बसून काढावा लागला, तर सेटिंगमध्ये काहीतरी गडबड आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला मॉनिटरिंग म्हणतो, ते इथे तळहाताने होतं.

सुटा बेल्ट आणि तो बदलायचं टूल गाडीतच ठेवा. आणि बेल्ट बदलायचा सराव घरी करा, उजेडात, चहा पीत. पहिल्यांदाच ते काम गोठलेल्या बोटांनी करायची वेळ येऊ देऊ नका. तुटलेल्या बेल्टचे दोरे पुलीत अडकलेले असतात, तेही काढा. नवीन बेल्ट टाकल्यावर पहिले ५०-६० किलोमीटर अंगठा हलका ठेवा.

इंजिन: थंडीत तापणारं टू-स्ट्रोक

बऱ्याच स्नोमोबिल अजूनही टू-स्ट्रोक आहेत. आरएक्स१०० ज्यांच्या घरात होती त्यांना हे लगेच कळेल: हलकं, उसळी मारणारं, आणि ऑइलच्या बाबतीत चिंगूसपणा केलात तर सूड घेणारं. ऑइलची टाकी वेगळी असते, तेल आपोआप मिसळतं, पण टाकी भरायचं काम तुमचंच.

इथे दोन गोष्टी मालकांना महागात पडतात. पहिली: सकाळी स्टार्टर मारला आणि लगेच सुसाट. पिस्टन पटकन तापून फुगतो, सिलिंडर अजून थंडच असतो, मधली जागा संपते आणि पिस्टन जाम. गरम होऊ द्यायची ती दोन-चार मिनिटं म्हणजे विमा आहे.

दुसरी गोष्ट जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांची. थंडी वाढली की इंजिन अजून गार राहील असं वाटतं ना? होतं उलट. थंड हवा दाट असते, तिच्यात ऑक्सिजन जास्त. कार्ब्युरेटरचा जेट मात्र पेट्रोल साधारण तेवढंच सोडतो. मिश्रण पातळ होतं, ज्वलन जास्त तापतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. उणे पाचला गोड चालणारी गाडी उणे तीसला इंजिन उडवते ती अशी. फ्युएल इंजेक्शनवाल्या गाडीत सेन्सर हे सांभाळतात. त्यामुळे नवख्याने शक्यतो इंजेक्शनवालीच घ्यावी.

फोर-स्ट्रोक जड असतात, पण रोजच्या वापराला शांत आणि टिकाऊ. यामाहाच्या फोर-स्ट्रोकचं नाव तर फार चांगलं. पण त्याच यामाहाने २०२३ मध्ये जाहीर केलं की २०२५ च्या मॉडेलनंतर स्नोमोबिल बनवणं थांबवणार. पार्ट पुरवत राहू असं कंपनीने सांगितलंय, तरी तुमच्या जवळचा डीलर दुकान चालू ठेवतो का, हे घेण्याआधी विचारा. गाडी कितीही दणकट असली तरी पार्ट यायला तीन आठवडे लागले, तर तेवढा सीझन गेला.

चालवताना गाडी अशी का वागते?

मालकांची सर्वांत कॉमन तक्रार: सरळ ट्रेलवर पुढचे स्की आपोआप डावी-उजवीकडे पळतात. याला 'डार्टिंग' म्हणतात. स्कीच्या खाली कार्बाइड लावलेली धारदार पट्टी असते. आधी गेलेल्या गाड्यांनी बर्फात रेघा पाडलेल्या असतात आणि तुमची पट्टी त्या रेघा पकडते. नवखा माणूस हँडल आवळून धरतो आणि तासाभरात खांदे भरून येतात. हात सैल ठेवा, थोडं हलू द्या. फारच होत असेल तर स्कीचं अलाइनमेंट तपासा, किंवा दोन समांतर धारा असलेली पट्टी बसवा.

उलटा प्रकार: हँडल वळवलं तरी गाडी सरळच जाते. बहुधा कार्बाइड झिजलेलं असतं. नसेल तर सस्पेन्शनमुळे पुढे वजन कमी पडतंय. हे पुढचा लिमिटर पट्टा थोडा आखडून सुधारता येतं.

खोल बर्फाचा खेळ वेगळाच. डोंगरातल्या गाडीचा ट्रॅक लांब असतो, १५४ ते १६५ इंच, त्यावरचे रबरी दात अडीच-तीन इंच आणि स्कीमधलं अंतर कमी, कारण तिथे गाडी अंगाने कलती करून वळवतात. ट्रेलवरच्या गाडीचे दात साधारण एक-सव्वा इंच आणि स्की लांब लांब. डोंगरातली गाडी ट्रेलवर आणली तर वळणावर कलंडल्यासारखी वाटते. ट्रेलची गाडी खोल बर्फात नेली तर स्वतःसाठीच खड्डा खणते. दोन्ही मालक म्हणतात, "हँडलिंग बेकार." खरं म्हणजे गाडी चुकीच्या गावात आलीय.

बघायला जाल तेव्हा

१. विकणाऱ्याला आधीच सांगा, इंजिन गरम करून ठेवू नको. थंड स्टार्ट बघायचाय.
२. कॉम्प्रेशन टेस्ट करा. सिलिंडरमधला फरक दहा टक्क्यांहून जास्त असेल तर रिंग-पिस्टनचा खर्च धरा किंवा सोडून द्या.
३. बेल्टचं कव्हर उघडून पुल्यांवर चरे, काळे डाग बघा.
४. ट्रॅकचे तुटलेले दात, गायब क्लिपा, झिजलेली हायफॅक्स बघा. छोट्या चाकांचे बेअरिंग हाताने फिरवून आवाज ऐका.
५. पुढचे आर्म वाकलेत का, दोन्ही बाजू ताडून बघा.
६. एअरबॉक्स उघडा. उन्हाळाभर पडून असलेल्या गाडीत उंदरांचं घरटं आणि कुरतडलेल्या वायरी हा तिथला नेहमीचा किस्सा आहे.
७. चेसिस नंबरवरून रिकॉल बाकी आहे का ते तपासा.

तर साताऱ्याच्या भावा, तुझ्यासाठी माझं मत: तिघंही नवखे, तर ट्रेलची, मध्यम ताकदीची, इंजेक्शनवाली, आणि जिचा डीलर तासाभरावर आहे ती घ्या. कंपनीचा रंग नंतर बघा. ठरवलेल्या बजेटचा एक भाग बाजूला काढून ठेवा: बेल्ट, हायफॅक्स, कार्बाइड, हेल्मेट यासाठी. नोंदणी, विमा, ट्रेल पास यांचे नियम प्रांताप्रमाणे बदलतात, ते आधी वाचा. एकट्याने जायचं नाही. कुठे जातोय, कधी परत येणार, हे घरमालकाला किंवा रूममेटला सांगून जा. आणि तळं गोठलेलं 'दिसतंय' म्हणून त्यावर गाडी घालायची नाही. स्थानिक माणसाला विचारायचं.

गुलमर्ग किंवा सोलंगला जाऊन मागे बसणाऱ्यांसाठी दोनच सूचना. मफलरचं टोक लोंबत ठेवू नका आणि गाडी कलली म्हणून पाय खाली टाकू नका. स्कूटरवरची ती सवय इथे पाय मोडते.

पुढच्या भागात उन्हाळ्यात ही गाडी ठेवायची कशी, पेट्रोल टाकीत ठेवायचं की काढायचं, ते बोलू. तुमच्याकडे कोणी स्नोमोबिल चालवत असेल तर व्हॉइस नोट पाठवा. कंपनीचं नाव नंतर सांगा, आधी सांगा बर्फ कसला होता. चला, भेटू!