आळशी डोळा
मूल टीव्ही बघतं, चेंडू झेलतं. मग एक डोळा अधू असेल अशी शंका येणार तरी कशी? एका डोळ्याचा नंबर बराच जास्त असला किंवा तो तिरळा असला, की मेंदू त्याचं चित्र बाजूला सारून दुसऱ्यावर भागवतो. हाच ‘आळशी डोळा’. उपाय म्हणजे आधी चष्मा, मग चांगल्या डोळ्यावर रोज 2 ते 6 तास पट्टी. मूल रडतं, पट्टी ओढतं. तेव्हा शेजारी बसून चित्रं रंगवून घ्यावीत. वयाच्या 7-8 वर्षांपर्यंत गुण चांगला येतो, पुढे अवघड होतं. तिरळेपणाला भाग्याचं लक्षण समजून थांबू नका. शाळेत घालण्याआधी दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्या.