सांधा लपवणारा चित्रकार : माक्स एर्न्स्टची पंधरा वर्षे

कात्री, डिंक आणि जुनी मासिके घेऊन बसले की कोलाज जमते, असा आपला समज असतो. १९१९ ते १९३४ या काळातले माक्स एर्न्स्टचे काम ओळीने पाहिले की तो टिकत नाही.

पहिले महायुद्ध जर्मन सैन्यातून लढून एर्न्स्ट कोलोनला परतला. १९१९ मध्ये त्याच्या हाती शाळांना लागणाऱ्या साधनांचा एक सचित्र कॅटलॉग लागला. प्राणी, हाडे, यंत्रे, प्रयोगाची उपकरणे अशा परस्परांशी काडीचा संबंध नसलेल्या गोष्टी त्यात शेजारी शेजारी छापलेल्या होत्या. १९२०च्या ‘धन्याची निजायची खोली’ या चित्रात त्याने काहीच चिकटवले नाही. तशाच एका छापील तक्त्यावर अपारदर्शक जलरंग देऊन बरीचशी चित्रे बुजवली आणि देवमासा, अस्वल, मेंढी, पलंग, टेबल असे मोजकेच ठेवले. मग दूरवर निमुळती होत जाणारी जमीन रेखाटली. वर्गातल्या तक्त्याची झोप उडवणारी खोली झाली.

मे १९२१मध्ये कवी आंद्रे ब्रतोंने अशी चित्रे पॅरिसमध्ये मांडली. त्याचाच अतिवास्तववादाचा (सर्रिअलिझमचा) जाहीरनामा निघायला तेव्हा तीन वर्षे होती. म्हणजे स्वप्नचित्रे आधी आली, त्यांचे तत्त्वज्ञान मागून.

१९२४चे ‘एका बुलबुलाने भेदरलेली दोन मुले’ हे आता न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात आहे. आकाश, कुरण आणि पळणारी मुलगी तैलरंगात; पण फाटक खरे लाकडी, चौकटीबाहेर उघडलेले. छपरावरचा माणूस हात पुढे करतो तो चौकटीवर ठोकलेल्या खऱ्या मुठीकडे. एवढ्याशा पक्ष्याची भीती त्या लाकडामुळे आपल्या खोलीत शिरते. पुढच्या वर्षी लाकडी फळ्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासण्याचे फ्रोताज तंत्र त्याला सापडले. तिथेही त्याची रीत तीच होती : प्रतिमा रचण्याआधी ती समोरच्या वस्तूत शोधायची.

या प्रवासाचा कळस म्हणजे त्याच्या कोलाज-कादंबऱ्या, म्हणजे कोलाजांच्या मालिकेतून उभ्या केलेल्या कादंबऱ्या. त्यांतली शेवटची ‘दयाळूपणाचा एक आठवडा’. १९३३ मध्ये इटलीतल्या एका किल्ल्यात तीन आठवड्यांत रचलेली १८२ चित्रे पुढच्या वर्षी पाच पुस्तिकांत निघाली. कच्चा माल होता एकोणिसाव्या शतकातल्या भडक कादंबऱ्यांतली कोरीव ठशांची चित्रे. सभ्य दिवाणखान्यात पक्ष्याच्या डोक्याचे पुरुष, पंख फुटलेल्या बायका आणि शयनगृहात चढलेले पाणी! सगळे तुकडे एकाच तऱ्हेच्या काळ्या रेषांचे असल्यामुळे जोड कळत नाही, आणि उरलासुरला सांधा छपाई गिळून टाकते. जर्मनीत हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी घरातली ही हिंसा रचली गेली, हा संदर्भ विसरता येत नाही. १९३७च्या नाझींच्या ‘अध:पतित कला’ प्रदर्शनात एर्न्स्टचे चित्रही होते.

या कोलाजांची मूळ पाने १९३६ मध्ये माद्रिदला दिसली. त्यानंतर थेट २००८ साली व्हिएन्नात. मूळ कागदावर कापलेल्या कडा ओळखू येतात. एर्न्स्टला अभिप्रेत होते ते मात्र सांधा नसलेले छापील पान. म्हणून मूळ पाने पाहायला मिळाली नाहीत याची हळहळ नको. पुस्तक मिळवून सावकाश चाळावे. या चित्रांची खरी जागा तीच आहे.