इडैयनगुडी : एका भाषाशास्त्रज्ञ मिशनऱ्याचे खेडे

तमिळनाडूच्या दक्षिण टोकाकडे, तिरुनेलवेली जिल्ह्यात, समुद्रकिनाऱ्यापासून फार दूर नाही अशा ठिकाणी इडैयनगुडी नावाचे एक खेडे आहे. नावाची फोड सोपी आहे : ‘इडैयन्’ म्हणजे मेंढपाळ अथवा गवळी आणि ‘कुडि’ म्हणजे वस्ती. परंतु एकोणिसाव्या शतकात या गावाची ख्याती झाली ती मेंढपाळांमुळे नव्हे. द्राविड भाषांच्या तौलनिक व्याकरणाचा पाया ज्या ग्रंथाने घातला, त्याचे कर्ते रॉबर्ट काल्डवेल हे या गावी 1841 च्या अखेरीस येऊन राहिले, आणि पुढील सुमारे चाळीस वर्षे त्यांनी हेच आपले ठाणे केले. व्याकरणकार काल्डवेल भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहेत; खेडे वसविणारे काल्डवेल त्या मानाने अपरिचित राहिले. वस्तुतः या दोन व्यक्तींचा विचार एकत्रच करावा लागतो.

या भूभागाची ओळख प्रथम करून घेतली पाहिजे, कारण तिच्यावाचून पुढील हकीगत नीटशी उलगडत नाही. तिरुनेलवेलीच्या आग्नेय पट्ट्यात तांबड्या वाळूचे विस्तीर्ण माळ पसरले आहेत. स्थानिक भाषेत त्यांना ‘तेरि’ असे म्हणतात. पाऊस तुटपुंजा, वारा प्रबळ, आणि वाऱ्याबरोबर वाळू जागा बदलणारी. अशा जमिनीत भाताचे पीक संभवत नाही. तेथे मूळ धरून उभा राहतो तो ताड. या पट्ट्यातील बहुसंख्य लोकांचे जीवित या एका झाडावर अवलंबून होते. हंगामात ताडावर चढणारा माणूस रोज अनेक झाडे चढे, आणि तीही सकाळ-संध्याकाळ दोन वेळा. मडक्याला आतून चुना लावला म्हणजे रस आंबत नाही. ही गोड नीरा आटवून स्त्रिया ताडगूळ करीत. पाने छपरासाठी, चटयांसाठी आणि लेखनासाठी, खोड तुळयांसाठी. चढण्याचे काम करणाऱ्या या जातीस त्या काळी ‘शाणार’ म्हणत. झाडे पुष्कळदा दुसऱ्याच्या मालकीची, कर्ज व्यापाऱ्याचे, आणि उच्चवर्णीयांच्या देवळात प्रवेश नाही, अशी त्यांची स्थिती होती. हंगाम सरला की उपासमार ठरलेली.

या लोकांत ख्रिस्ती धर्म काल्डवेल यांच्यापूर्वीच पोहोचला होता. धर्मांतरित कुटुंबांना छळापासून आश्रय मिळावा म्हणून 1799 साली ‘मुदलूर’, म्हणजे पहिले गाव, अशा अन्वर्थक नावाची एक वसाहत स्थापन झाली होती, आणि हे कार्य डेव्हिड सुंदरानंदम् या तमिळ उपदेशकाच्या पुढाकाराने झाले होते. ही गोष्ट मुद्दाम नमूद करावयाची ती अशासाठी की, मिशनरी चरित्रांत सर्व आरंभ युरोपियांपासून होतो अशी समजूत करून देण्याची प्रवृत्ती आढळते. तिरुनेलवेलीतील मिशन-खेड्याची कल्पना मुळात देशी माणसांच्या निकडीतून निघाली होती. काल्डवेल यांनी ती आखून-रेखून पुढे नेली.

काल्डवेल यांचा जन्म 1814 साली आयर्लंडमध्ये स्कॉटिश मातापित्यांच्या पोटी झाला. ग्लासगो विद्यापीठात ग्रीकचे अध्यापक डॅनियल सँडफर्ड यांच्या व्याख्यानांमुळे तौलनिक भाषाविचाराची गोडी त्यांना लागली. 1838 च्या जानेवारीत लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीने ते मद्रासला उतरले. त्याच जहाजावर तेलुगूचे प्रख्यात कोशकार सी. पी. ब्राउन होते, हा योगायोग भाषाशास्त्राच्या दृष्टीने लहान म्हणता येणार नाही. तीन वर्षांनी पंथ बदलून ते अँग्लिकन चर्चच्या एस. पी. जी. या संस्थेत आले आणि मद्रासहून तिरुनेलवेलीकडे निघाले ते पायी. वाटेत तंजावर लागले. तेथे त्या वेळी भोसले घराण्यातील दुसरे शिवाजी गादीवर होते, आणि त्यांचे पिते सरफोजी राजे हे तर श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेले. या लांबच्या पायपीटीत काल्डवेल यांनी गावोगावची बोली ऐकली आणि मगच ते आपल्या ठाण्यावर पोहोचले.

इडैयनगुडीस आल्यावर त्यांना दिसली ती झोपड्यांची वेडीवाकडी दाटी. वाट अशी नव्हतीच. जिथे ज्याला जागा मिळाली तिथे त्याने ताडपत्रांचे छप्पर उभारले होते. मिशनच्या नावे जमीन घेऊन काल्डवेल यांनी गावाचा आराखडा केला : सरळ रस्ते, रस्त्याच्या दोहो बाजूंस घरांच्या ओळी, सावलीसाठी झाडे, पाण्यासाठी विहिरी. आज ही गोष्ट सामान्य वाटेल. पण ताडपत्री छपरांच्या दाट वस्तीत एका घरास आग लागली म्हणजे ती वाऱ्याबरोबर साऱ्या गावावर पसरते, आणि वाळवंटात स्वतःची विहीर नसलेला माणूस दुसऱ्याच्या विहिरीवर जातीच्या अटींनी बांधला जातो, हे ध्यानात घेतले म्हणजे रुंद रस्ता व सर्वांस खुली विहीर यांचा अर्थ वेगळा कळतो. याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की, जमीन मिशनची असल्याने धर्मगुरू हाच जमीनदार झाला. आश्रय आणि अंकुश ही दोन्ही एकाच हाती होती. या व्यवस्थेचे गुणदोष तिरुनेलवेलीच्या सर्वच मिशन-खेड्यांत दिसून येतात.

1844 साली काल्डवेल यांचा विवाह एलायझा मॉल्ट यांच्याशी झाला. नागरकोविल येथील मिशनरी चार्ल्स मॉल्ट यांची ही कन्या. ती तमिळ मुलखात वाढलेली, आणि तिचे तमिळ बोलणे पुस्तकी नव्हे तर घरगुती वळणाचे. गावातील स्त्रियांशी मिशनचा जो संबंध जुळला तो प्रामुख्याने तिच्यामुळे. तिने मुलींची निवासी शाळा चालविली, आणि आपल्या आईने नागरकोविलमध्ये रुजविलेली लेस विणण्याची कला इडैयनगुडीत आणली. ही लेस सुईने विणावयाची नसून गोल उशीवर नक्षीचा कागद बसवून, टाचण्या टोचून, लहान लाकडी रिळांवर गुंडाळलेले दोरे एकमेकांवरून फिरवीत करावयाची असते. तिला डोळा आणि बोटे लागतात. जमीन, बैल वा भांडवल लागत नाही. ज्या घरात जमीन नव्हती आणि वर्षाची कमाई ताडाच्या हंगामावर टांगलेली होती, तेथे स्त्रीच्या हातात बारमाही रोख पैसा येणे ही लहानसहान घटना नव्हे. काल्डवेल यांच्या चरित्रात हा भाग सामान्यतः दोन-चार ओळींत उरकला जातो. गावाच्या बाजूने पाहिले तर तो एका प्रकरणाचा विषय आहे.

शाळांविषयी वेगळे विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. सॉयरपुरम् येथे जी. यू. पोप यांनी आणि पुढे नाझरेथ येथे आर्थर मार्गोशिस यांनी जे केले, त्याच वर्गातले इडैयनगुडीचे कार्य होते. परंतु या शाळांचा एक परिणाम असा झाला की तो स्वतः काल्डवेल यांच्याच अंगावर आला, आणि त्याची हकीगत मात्र थोडक्यात आटोपण्यासारखी नाही.

1849 साली काल्डवेल यांनी तिरुनेलवेलीच्या शाणारांविषयी एक इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध केली. इंग्लंडमधील वाचकांनी मिशनला साहाय्य करावे असा तिचा एक हेतू होता. तीत या जातीचा धर्म म्हणजे भुताखेतांची पूजा, तिची बुद्धी मंद, तिचे मूळ बाहेरचे, अशी विधाने होती. ज्यांच्यासाठी रस्ते आखले, विहिरी खणल्या, त्यांचेच हे चित्र! ते लिहिताना, ज्यांच्याविषयी लिहिले ते लोक कधी हे वाचतील, असा विचार लेखकाच्या मनात आलेला दिसत नाही. परंतु मधल्या तीस वर्षांत मिशन-शाळांतून इंग्रजी शिकलेली एक पिढी तयार झाली, आणि तिने ती पुस्तिका वाचली. 1880 च्या दशकात तिच्याविरुद्ध मोठी चळवळ उभी राहिली. निवेदने गेली, प्रतिपुस्तिका निघाल्या, आपण प्राचीन राजवंशांचे वंशज आहो असे मांडणारे लेखन झाले. चळवळीचे एक अग्रणी सट्टांपिळ्ळै हे स्वतः मिशनमध्ये शिकलेले. त्यांनी 1857 मध्येच युरोपीय मिशनऱ्यांपासून फुटून देशी वळणाचा वेगळा ख्रिस्ती पंथ स्थापला होता. पुस्तिका प्रचारातून काढून घेण्यात आली. पुढे 1921 मध्ये मद्रास सरकारने ‘शाणार’ हे नाव सोडून ‘नाडार’ हे नाव अधिकृत केले.

शब्दार्थाचा अभ्यास करणाऱ्यास हे प्रकरण विशेष उद्‌बोधक वाटेल. एक जातिनाम हीनार्थी ठरून व्यवहारातून हद्दपार होते, आणि पूर्वी त्या समाजातील मोजक्या जमीनदार घराण्यांपुरते असलेले ‘नाडार’ हे मानवाचक नाव संपूर्ण समाज धारण करतो. काल्डवेल यांनी दिलेल्या शिक्षणाचे फळ कोणते, असे विचारल्यास त्यांच्याच लेखनाचा प्रतिवाद करण्याचे सामर्थ्य, हे एक उत्तर द्यावे लागते. ते उत्तर त्यांना रुचले नसते. पण खेड्याच्या विकासात त्याची गणना न करणे हा पक्षपात होईल.

याच गावी राहून काल्डवेल यांनी द्राविड भाषांचे तौलनिक व्याकरण लिहिले. त्याची पहिली आवृत्ती 1856 मध्ये व पुष्कळच वाढविलेली दुसरी 1875 मध्ये निघाली. दक्षिणेतील भाषांचे मूळ संस्कृतात नाही हे फ्रान्सिस एलिस यांनी 1816 मध्येच दाखविले होते. तथापि ध्वनी, विभक्ती, सर्वनामे, क्रियारूपे यांची पद्धतशीर तुलना करून त्या कुलाची सिद्धता केली ती काल्डवेल यांनी. ‘द्राविड’ हे नाव त्यांनी कुमारिल भट्टांच्या ‘आंध्र-द्राविड’ भाषांच्या उल्लेखावरून घेतले. संस्कृत शब्दांवाचूनही तमिळ स्वबळावर उभी राहू शकते, हे त्यांचे प्रतिपादन सर्वश्रुत आहे. ग्रंथांचा आधार त्यांना होताच; पण ज्या माणसाने चाळीस वर्षे ताड चढणाऱ्यांशी रोज बोलून घालविली, त्याला संस्कृतप्रचुर पंडिती तमिळ हीच काय ती तमिळ, असे वाटणे शक्य नव्हते, हा तर्क अवाजवी ठरू नये. तमिळ बायबलच्या संशोधनासाठी 1858 पासून काम करणाऱ्या मंडळातही ते होते, आणि तेथे ग्रंथभाषा व लोकभाषा यांचा मेळ घालण्याचा प्रश्न पदोपदी उपस्थित होई. त्यांची काही मते, विशेषतः द्राविड भाषांचे तथाकथित ‘सिथियन’ कुलाशी नाते, आज मान्य नाहीत.

मराठीच्या अभ्यासकास या ग्रंथात दोन ठिकाणी थांबावे लागते. परंपरेने ‘पंचद्रविडां’त महाराष्ट्राचा समावेश होतो, परंतु ती ब्राह्मणांची विभागणी असून मराठी द्राविड कुलातील नव्हे, हे काल्डवेल यांनी स्पष्ट केले. उत्तरेच्या भाषांत संस्कृतेतर अंश मोठा आहे असे मत मुंबईचे मिशनरी व मराठी व्याकरणकार जॉन स्टीव्हन्सन यांनी मांडले होते. त्याचाही त्यांनी सावधपणे परामर्श घेतला. दुसरे स्थळ म्हणजे बारा द्राविड भाषांची 1875 च्या आवृत्तीतील यादी. तीत गोंडी आहे, जी चंद्रपूर-गडचिरोलीकडे आजही बोलली जाते. पण यवतमाळकडील कोलामी नाही. तिचे सविस्तर वर्णन एमेनो यांनी 1955 मध्ये प्रसिद्ध केले. इडैयनगुडीच्या वाळूत बसलेल्या माणसाला वऱ्हाडच्या डोंगरातील बोली ऐकू आली नाही, यात नवल नाही.

गावातील पवित्र त्रैक्याच्या चर्चची पायाभरणी 1847 मध्ये झाली आणि त्याचे समर्पण 1880 मध्ये. तेहतीस वर्षे लागली, कारण पैसा येई तसे काम चाले. गॉथिक वळणाच्या खिडक्या गावच्या गवंड्यांनी कधी पाहिलेल्या नव्हत्या. काल्डवेल स्वतः ओल्या मातीचे नमुने करून त्यांना दाखवीत, असे सांगतात. त्या मधल्या काळात ग्लासगो विद्यापीठाने त्यांना एल्‌एल्. डी. दिली, 1877 मध्ये कलकत्त्यास त्यांची बिशपपदी स्थापना झाली, आणि त्याच सुमारास पडलेल्या दुष्काळात मदतीचे काम करता करता हजारो नवे लोक मिशनमध्ये आले. त्यांतील किती श्रद्धेने आले व किती भुकेने, हा वाद तेव्हापासून चालू आहे. 1883 मध्ये त्यांनी आपले मुख्य ठाणे तुतिकोरिनला हलविले.

1891 च्या ऑगस्टमध्ये कोडैकानल येथे त्यांचे निधन झाले. देह डोंगरावरून खाली आणून इडैयनगुडीच्या चर्चमध्ये वेदीखाली पुरण्यात आला. 1968 च्या जागतिक तमिळ परिषदेच्या वेळी मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा उभा राहिला, तो व्याकरणकाराचा. खेड्यातील त्यांचे राहते घर मात्र 2011 मध्ये राज्य सरकारने स्मारक म्हणून ताब्यात घेतले.